गावाची कढई

माझ्या सासरी आमची भांडी कमी आणि गावाची जास्त होती. सिंदेवाहीच्या बाजूचं गाव, स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. लग्नाला नि तेरवीला लागणारे मोठे गंज, पराती, झारे आणि एक भलीमोठी लोखंडी कढई, हे सगळं गावाने घरोघरचं धान गोळा करून घेतलं होतं. ठेवलं होतं आमच्या पडवीत, कारण सासऱ्यांवर सगळ्यांचा विश्वास. विश्वास त्यांच्यावर, आणि घासायला मी, नवी सून. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं पुटपुटत मी राखेचे हात चालवायची.

भांडी कोणीही न्यावी, भाडं काही नाही. रीत एकच होती, भांडं रिकामं परत आणायचं नाही. लग्नाची बुंदी असो की तेरवीचे वडे, थोडं तरी त्यात घालून आणायचं, आणि पडवीत जो असेल त्याने ते खायचं.

आमच्या आळीच्या टोकाला एक बाई राहायची. नवरा जंगलात लाकूडतोडीला गेला आणि तिथल्या तापाने गेला. लेकरू नव्हतं. भाऊ म्हणत होता, माझ्याकडे ये. पण भावजयीच्या चुलीपुढे जन्म काढणं म्हणजे काय, हे तिला न सांगता कळत होतं. तिच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे गावात नावाजलेले. एक दिवस ती आमच्या दारात येऊन सासऱ्यांना म्हणाली, "भाऊ, बाजाराच्या दिवशी कढई देता काय? वडे विकीन म्हनते."

गावाची कढई धंद्याला द्यायची, हे आजवर झालं नव्हतं. पंच बसले, विड्या ओढल्या, आणि शेवटी हो म्हणाले. वर पहिल्या बाजाराचं जवसाचं तेलही गावाने दिलं. सगळे स्वतःवर खूश होते. मीही होते, कारण कढई दर आठवड्याला तीच घासणार होती!

वडे असे खपले की विचारू नका. जंगलाकडून डिंक नि चारोळी घेऊन येणारी माणसं आधी तिच्या चुलीशी टेकायची, मग बाजार करायची. संध्याकाळी ती चकचकीत घासलेली कढई डोक्यावर घेऊन यायची, आणि रीतीप्रमाणे कढईत वडे. बाजाराच्या संध्याकाळी आमच्या पडवीत एकदम गर्दी वाढली. एरवी गुडघे दुखतात म्हणून घराबाहेर न पडणारे म्हातारेही काठी टेकत यायचे. पंच तर असायचेच. इतके जण बघून तिला थोडे आणायची लाज वाटायची, म्हणून ती जास्त आणायची. जास्त आणते म्हणून आणखी माणसं यायची. आम्ही सगळे आयत्या बिळावरचे नागोबा, आणि वर म्हणायचो की बाईचं बरं चाललं आहे.

पावसाळा सरला तशी एका संध्याकाळी ती कढई घेऊन आली. वडे होते, पण तिने कढई खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, आता कढई नको. भावाकडं जाते मी."

"काऊन? धंदा तर चालून राह्यला!" सासरे म्हणाले.

"विकल्या जाते ते तेल-डाळीत जाते. उरते ते इथी वाटल्या जाते. मी काय खाऊ?"

पडवीत बसलेल्यांचे घास तोंडातच राहिले. मला इतका राग आला आमचा सगळ्यांचा, की उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पंच पुन्हा बसले. तिला म्हणाले, बाई, तू काही आणत नको जाऊ. ती ऐकेना. "गावाचं भांडं रिकामं कशी आनू? सगळे रीत पाळतेत, मी काऊन नाई? मी का भीक घेऊन राह्यली?" तिचंही खरंच होतं.

तेव्हा माझ्या सासूबाई चौकटीतून बोलल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी बोलत नसत. "भीड भिकेची बहीण, तिची बी अन् तुमची बी. कढई परत आनाचीच कायले? तिच्याच घरी राहू द्या. ज्याले लागंल तो तिले मागंल."

एक पंच ताडकन म्हणाला, "लगनाची कढई हिच्या दारातून आनाची? रांडमुंड बाईच्या?"

ती समोरच उभी होती. सासरे उठले, त्यांनी कढई स्वतः उचलली आणि तिच्या दाराशी नेऊन ठेवली. मग ती भावाकडे गेली नाही. पण तिच्या दारातून कढई न्यायलाही कोणी येईना. एका घरी लग्न निघालं, तर त्यांनी बैलगाडी जुंपून शेजारच्या गावाहून कढई आणली. ती बाजाराला वडे तळत राहिली.

फाल्गुनात त्याच ताडकन बोललेल्या पंचाच्या लेकीचं लग्न ठरलं. बाजाराच्याच दिवशी संध्याकाळचा मुहूर्त होता. आदल्या दिवशी तो हातात अक्षता घेऊन तिच्या दारात गेला. मी समोरच्या विहिरीवर होते, घागर तशीच धरून बघत राहिले.

"बाई, कढई पाह्यजे," तो म्हणाला, आणि खाली बघूनच पुढे, "अन् तू बी ये. वडे तुझ्याच हातचे होतीन. पोरीले तेच आवडतेत."

नवरा गेल्यापासून तिला कोणी लग्नाला बोलावलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले, मग कढई पुसली.

दुसऱ्या दिवशी मी मीठ-मिरची आणायला बाजारात गेले. तिची चूल थंड होती आणि जंगलाकडची माणसं चुलीभोवती घुटमळत होती. एक म्हातारा माझ्यावरच चिडला, "वडेवाली कुठी गेली? आमी का उपाशी जावाचं?"

"लगनाले गेली," मी म्हटलं. "बोलावणं आहे तिले."