काहीच नसताना लागलेला दिवा

अमरावतीच्या बाजारात शून्यवाले सर दिसले की भाजीवाल्या बाया आपणहून रिकामा तराजू उचलून दाखवत. दोन्ही पारडी सरळ दिसल्याशिवाय सर वांग्याला हात लावत नसत. "काहीच नसतानी किती दाखवते, थे पयले दाखव," हे त्यांचं पालुपद. पारडं झुकलेलं निघालं, तर त्यांना राग येण्याऐवजी गंमतच वाटे. ते का झुकलं हे शोधत ते तिथंच उकिडवे बसत आणि मागची गिऱ्हाइकं कंटाळून निघून जात.

कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. एकोणीसशे साठच्या दशकात मी तिथं नव्यानं लागले होते. एका मे महिन्यात त्यांचा जुना विद्यार्थी देवीदास रजेवर आला. तो हिमालयातल्या एका हवामान ठाण्यावर नोकरीला होता. काचेचा थर्मामीटर वाचून तापमान लिहायचं, हे त्याचं काम. तिथं नवं यंत्र आलं. त्यातलं एक कार्ड, म्हणजे विजेचे बारीक भाग जोडलेली पाटी, तापमानाप्रमाणे बदलणाऱ्या विजेच्या दाबाचा आकडा करून दिव्यांच्या ओळीत दाखवी. तो आकडा आणि देवीदासचा आकडा काही केल्या जुळेना. यंत्र कशाला खोटं बोलेल? पोरगाच पांघरुणात बसून आकडे लिहितो, असं साहेबांनी ठरवून टाकलं. नोकरी जायची वेळ आली, तेव्हा बिचारा परवानगी काढून ते कार्डच सरांकडे घेऊन आला.

स्टाफरूममध्ये ज्यानं त्यानं त्याला विचारलं, "खरं सांग, अंदाजे लिवत होता ना?" सरांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं नि म्हणाले, "चाल, याले थंडी वाजवू."

अमरावतीच्या मे महिन्यात हिमालयाची थंडी आणायची कुठून? सरांनी घरून आईस्क्रीमचा लाकडी पॉट आणला. भोवती बर्फ आणि खडेमीठ, मधल्या डब्यात गुंडाळलेलं कार्ड, दिवे वायरींनी बाहेर. आईस्क्रीमच्या आशेनं अर्धं कॉलेज जमलं. "आजचं बिनदुधाचं हाये," सर म्हणाले.

कार्डात दाब नेणाऱ्या दोन्ही तारा त्यांनी एकमेकींना जोडल्या. म्हणजे मोजायला काहीच नाही, दिवे विझलेले राहायला हवेत. आधी राहिलेही. मग गारवा आत पोचला आणि एक दिवा आपोआप लागला. थोड्या वेळानं दुसरा. सर टाळ्या पिटू लागले. "काहीच नाही, अन् हा दाखवून राहिला!" देवीदास तोंड फिरवून रडत होता.

कारण शोधण्यात सरांची सगळी सुट्टी गेली. कार्डावरचे जोडीचे दोन ट्रान्झिस्टर थंडीत सारखे वागत नव्हते. सरांनी बर्फातच पारखून सारखी जोडी निवडली आणि दोघांना तांब्याच्या एकाच पट्टीत बांधलं, म्हणजे गार व्हायचं ते बरोबरीनं. कार्ड गार असतानाच शून्याचा स्क्रू फिरवून दिवे विझवले. "गरमीत लावलेलं शून्य थंडीत कसं चालन? जिथं मोजाचं, तिथंच लावाचं," त्यांनी बजावलं.

देवीदास कार्ड घेऊन ठाण्यावर परतला, तिथं दोन्ही आकडे जुळल्याचं कळलं, नोकरी राहिली. त्या दिवशी पॉटमध्ये खरं आईस्क्रीम झालं. ते जरा खारट लागलं, आणि मीठ आत कुठून शिरलं हे सर दोन दिवस शोधत होते.

निवृत्तीनंतर सर लेकीकडे अकोल्याला राहायला गेले आणि तिथंच वारले. मी लेकीला भेटायला गेले तेव्हा देवीदास आलेला होता. सरांशिवाय ते घर मला बघवेना. देवीदास म्हणाला, "बाई, सगळ्यायनं मले इचारलं, तू खरं लिवलं का म्हणून. सरायनं एक डावबी नाही इचारलं."