बायकांकडचं शूटिंग

अहमदपुरात लग्न कुणाचंही असो, मांडवात सगळ्यांत जास्त मिजास असायची ती शूटिंगवाल्या मुज्तबाची. एक वेळ नवरदेवाचे रुसवे परवडले, पण हा नको. हार घालताना "हलू नका, हलू नका" करत त्यानं जोडप्यांना इतकं ताटकळत ठेवलंय, की काहींची एकमेकांवरची पहिली चीड तिथंच उगवली असावी. घरी येऊन मग मिक्सिंग. म्हणजे लग्नातला खरा आवाज काढून फेकायचा, वर गाणी चढवायची आणि नवरा-नवरीला उचलून बर्फाच्या डोंगरावर नेऊन ठेवायचं. मे महिन्यातलं मुखेडचं लग्न, नवरदेव घामानं निथळतोय आणि मागं धो धो बर्फ पडतोय. लोकांना ते लई आवडायचं.

मुसलमानाघरच्या लग्नात बायकांकडं पुरुष शूटिंगवाला चालत नाही. ते खातं त्याच्या बायकोचं, रईसाचं. दुसरा कॅमेरा तिच्या हातात. शूटिंग बरं करायची, पण तोंड त्याहून बरं चालायचं. नवरीची आई असो, फुप्पू म्हणजे आत्या असो, कुणाची गय नाही. बायका तिला घाबरायच्या आणि तिलाच बोलवायच्या. हिंदूंच्या लग्नातसुद्धा नवऱ्या म्हणायच्या, मुज्तबाभाई राहू द्या, भाभींना पाठवा.

ही रईसा गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेली. नांदेडला नेली तेव्हासुद्धा स्ट्रेचर ढकलणाऱ्याला नीट ढकल म्हणून सांगत होती. परत आणली तेव्हा काही बोलली नाही, एवढंच.

आता नशिबाची थट्टा बघा. उभ्या तालुक्याची लग्नं ज्या घरानं शूट केली, त्या घरात रईसाचं शूटिंग नाही. कॅमेरा आपल्याकडं वळला की ती पदर ओढून पळायची. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, आणि त्यात ती दिसते कोंबडी चोरताना सापडल्यासारखी. आवाज म्हणाल, तर तिनं घेतलेल्या प्रत्येक लग्नात तो होता. पण मुज्तबानंच मिक्सिंगमध्ये तो पुसला, वर बँड चढवला आणि कार्ड कोरं करून पुढच्या लग्नाला वापरलं. मोबाईलवर आवाज भरून पाठवायचा तिला कंटाळा. ती सरळ फोन करून ओरडायची.

मुज्तबाचं दुःख खरं होतं, त्यात खोट नाही. जेवण तुटलं, दाढी वाढली, ऑर्डरी घेईना. पण पडला कॅमेरावाला. दुःखातसुद्धा अँगल शोधणार. त्यानं रईसावर फिल्म काढली. फिल्ममध्ये काय, तर एक वाळकी बाभळ. पांढरा कुर्ता घातलेला मुज्तबा स्लो मोशनमध्ये लांबून बाभळीकडं येतो, आणि इतका हळू येतो की बघणाऱ्याला वाटावं, एसटीनं आला असता तर बरं झालं असतं. वर सारंगी. शेवटी एक कबूतर आभाळात उडायचं होतं, पण ते दाणे सोडून उडेचना, म्हणून कंप्युटरवरचं उडवलं. नांदेडला शॉर्ट फिल्मच्या स्पर्धेत ती दाखवली. मधेच कुणाचा तरी मोबाईल वाजला, तेव्हा लोक जरा सावरून बसले.

सोबत उमाशंकर होता. हा मुखेडचा मंडपवाला, रईसाची बोलणी खात धंद्यात मुरलेला. बाहेर चहाच्या गाड्यावर त्यानं हातातला कप फिरवला.

"मुज्तबा, राग धरू नको," तो म्हणाला. "यात भाभी कुठं हाय? ही कोणतरी मेलेली बाई हाय."

मुज्तबानं कप तसाच ठेवला आणि निघाला. अहमदपूर येईस्तोवर त्यानं उमाशंकरला मनातल्या मनात सगळ्या शिव्या घातल्या. पण उमाशंकरनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. रईसा काय बोलायची ते मुज्तबाला आठवे, पण ती कशी बोलायची ते आठवेनासं झालं होतं. वाक्यं तिची, आवाज भलत्याच कुणाचा. बायको एकदा गेली होतीच, आता दुसऱ्यांदा निघाली होती, आणि या खेपेला तो पुरता घाबरला.

अशात कशिशचा फोन आला. कशिश त्याच्याच गल्लीतली, नात्यातली नव्हे, पण त्याला मामू आणि रईसाला मुमानी म्हणणारी. तिचं लग्न मोडलं होतं. वर्षभरात ती माघारी आली, त्यामुळं व्हिडिओ न्यायला कुणी फिरकलंच नाही. आता बिलोलीच्या मुलाशी तिचं दुसरं ठरलं होतं. तिचं म्हणणं एकच, जुनं शूटिंग माझ्यासमोर पुसा, माझं तोंड त्यात कुठंही राहायला नको.

मुज्तबानं हार्ड डिस्क शोधून लावली. बायकांकडचं सगळं तसंच होतं, मिक्सिंगचा हात न लागलेलं. पहिल्याच फाईलमध्ये रईसा नवरीवर खेकसली, "अगे, शरमाने कू बोली, सोने कू नहीं." मुज्तबा खुर्चीतून उठला, दार लावलं आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून पेन ड्राईव्ह काढला. गुपचूप कॉपी करून घ्यायची, कशिशला काय कळतंय. तेवढ्यात दार वाजलं. कशिश आत आली आणि तिची नजर आधी पेन ड्राईव्हवरच गेली.

मुज्तबाला खोटं सुचलं असतं, पण कॅमेऱ्यामागून रईसा बोलतच होती. त्यानं सरळ सांगून टाकलं. म्हणाला, बेटा, तुझं तोंड नको मला, मला फक्त हिचा आवाज पाहिजे, दुसरीकडं कुठं उरला नाही. कशिश स्टूल ओढून बसली.

दोघं बघत गेले. जल्व्याची वेळ आली. जल्व्यात नवरा-नवरीमध्ये आरसा धरतात आणि नवऱ्यानं त्यात नवरीचं तोंड पहिल्यांदा बघायचं असतं. या पठ्ठ्यानं आरसा हातात घेतला आणि स्वतःचे केस सारखे केले. रईसाचा आवाज आला, "दुल्हन कू देख बाबा, तेरी जुल्फां बाद में." कशिशला फस्सकन हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुमानी कू तबीच समज गया था," ती म्हणाली. "मेरेकू साल लगा."

पुढं एका जागी नवरीची मान फारच खाली गेली, तेव्हा कॅमेऱ्यामागून एक हात पुढं आला. मेंदी नाही, साध्या हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर भाजल्याचा डाग. त्यानं कशिशची हनुवटी वर उचलली आणि मागं गेला. मुज्तबानं फिल्म थांबवली. आधार कार्ड सोडलं तर रईसाचं एवढंच चित्र या दुनियेत शिल्लक होतं, आणि ते कशिशच्या तोंडावर होतं. पुसायचं म्हटलं तर दोन्ही एकदमच जाणार. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तुझं तोंड नको, असा आत्ताच शब्द दिला होता, त्यामुळं मागायचीही सोय नव्हती.

कशिशनं स्वतःच माऊस घेतला, चित्र ओढून मोठं केलं, डोळे-नाक चौकटीबाहेर काढले. उरली हनुवटी आणि हात.

"ठुड्डी पे से कौन पहचानता, मामू?" ती म्हणाली.

बाकीचं सगळं तिच्यासमोर पुसलं. आवाज राहिला, हात राहिला. मग प्रश्न पडला, या आवाजाखाली दाखवायचं काय. बाभळीचं नावसुद्धा काढायची त्याला लाज वाटली. शेवटी उमाशंकरच्या गोदामात मखमली सोफा मांडला, वर झालर लावली, आणि कपाळावर झुमर, नाकात नथ, डोक्यावर लाल ओढणी घेऊन नवरीच्या जागी बसला खुद्द मुज्तबा. दाढीसकट. कॅमेरा कशिशच्या हातात. स्पीकरवर रईसा. ती म्हणेल मान खाली, की हा खाली. ती म्हणेल "रोना है तो काजल के पहले रो ले, बाद में नक्को," की हा नाक ओढणार. हनुवटी उचलणाऱ्या हातानंतर मुज्तबाचं दाढीचं जंगल वर येतं, त्याला उमाशंकर इतका हसला की झालरीचा खांब पडला.

लातूरला ही फिल्म दाखवली तेव्हा लोक खुर्च्या बडवून हसले. मुज्तबा मागच्या रांगेत बसून ऐकत होता. फिल्मच्या शेवटी, कशिशच्या त्या लग्नात रईसा कॅमेऱ्याचं बटण नेहमी विसरायची तशी विसरली होती. लग्न उरकलं, तिनं कॅमेरा खाली धरला, पण बटण सापडेना, आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "ये बंद कैसा करना की?"

या वाक्यावर मुज्तबानं फिल्म संपवायची ठरवली होती. पण शूटिंगच्या दिवशी स्पीकरवर हे वाक्य आलं, आणि सोफ्यावरच्या नवरीनं मान वर केली. ठरवून नाही. तोंडातून निघून गेलं.

"नक्को. चालू रहने दे."

लातूरकर त्यालाही हसले, कारण बोलताना नथ लोंबून दाढीत अडकली होती. पुढच्या रांगेतली एक बाई हसून हसून डोळे पुसत मागं वळली. ओढणीतला माणूस हाच, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं विचारलं, ती ओरडणारी बाई कोण हो, दिसली न्हाई कुठंच. मुज्तबा म्हणाला, माझी बायको.

"लई खमकी हाय की ओ," बाई म्हणाली.

"हाव," मुज्तबा म्हणाला. "हाय."