एक गाडी राहू दे

फोन आला तेव्हा मी वर्ध्यातल्या माझ्या दुकानात कुणाच्या तरी कॉम्प्युटरचा पंखा साफ करत होतो. पलीकडून शोभावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले जी... सकायी चहा घेता घेता." माझ्या पाठीमागच्या फळीवर पंधरा दिवसांपासून एक ग्राफिक्स कार्ड पडून होतं, सुधाकरसाठी आणलेलं. "रविवारी नक्की येतो," असं मी त्याला दोन रविवार सांगितलं होतं.

सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. पुलगावजवळच्या नाचणगावात त्यांचं कापडाचं दुकान. लहानपणी पोलिओनं डावा पाय अधू झाला, त्यामुळे सायकल असो की स्कूटर, हा कायम मागच्या सीटवर. तिथून सूचना मात्र अखंड: "अबे, वळन येऊन राह्यलं, ब्रेक दाब ना!" नव्वदचं दशक संपता संपता मी त्याला पहिला कॉम्प्युटर जोडून दिला, दुकानाच्या कामासाठी म्हणून. सोबत नागपूरहून आणलेली शर्यतीच्या गेमची सीडी. दुकानाचं काम त्यावर कधी झालंच नाही. बाणांच्या बटणांवर बोटं ठेवून तो म्हणाला, "हितं पाय कोन मांगते बे?" इतकं खूश मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

पण गेम पुढे आणि मशीन मागे, हे तेव्हापासून जे सुरू झालं ते संपलंच नाही. मी रॅम वाढवून द्यावी, तोवर त्याच्या हातात नवा गेम, आणि त्याला दुप्पट रॅम हवी. चित्र रखडत, धक्के खात यायचं. मग आम्ही सेटिंगमध्ये शिरून एकेक गोष्ट बंद करायचो. आधी सावल्या, मग झाडं, मग प्रेक्षक, मग डोंगर... शेवटी उरायचा राखाडी रस्ता आणि गाड्यांचा घोळका. त्याही कमी करत आणायच्या. मी सगळ्याच काढायला निघालो की तो माझा हात धरायचा. "एक राहू दे. एकट्यानं पळून शर्यत कायची?" सगळ्या गाड्यांनिशी, झाडाडोंगरांनिशी एकदा पुरी शर्यत चालवायची, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि शब्द मी दिलेला; फळीवरचं कार्ड त्यासाठीच होतं. खरं सांगतो, मी कंटाळलो होतो. दिवसभर लोकांची मशीनं उघडायची आणि सुट्टीच्या दिवशी पुलगावची गाडी धरून पुन्हा तेच. दहा वर्षं मी तेच केलं, आणि अर्धवटच केलं.

त्या रखडत्या मशीनवर तो जिंकायचा, मी बसलो की पहिल्याच वळणाला भिंतीवर. चित्र उशिरा येतं हे त्यानं अंगवळणी पाडून घेतलं होतं. वळण दिसायच्या आधीच मनात मोजून ब्रेक दाबायचा. "तू पाहून ब्रेक दाबतं," मला म्हणायचा. "दिसलं म्हनजे उशीर झाला ना बाप्पा." मी हसायचो.

तेरवी झाल्यावर ते कार्ड पिशवीत टाकून नाचणगावला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमी येनार म्हनून दोन्ही रविवारी यायनं टेबल पुसून ठेवला होता." मी त्याच टेबलाशी जाऊन बसलो.

मशीन सुरू केलं. सेटिंग तसंच होतं. सावल्या बंद, झाडं बंद, गाडी एक. पिशवीकडे हात गेला नाही. आहे तसाच गेम चालू केला. दिवे हिरवे झाले. माझी बोटं बटणांवर होती, पण दाबवेनात. ती दुसरी गाडी धक्के खात निघाली आणि वळणापलीकडे गेली. बऱ्याच वेळानं, एक फेरी पुरी करून, ती मागून आली आणि पुन्हा पुढे निघून गेली... सुधाकरची तिथेच उभी होती.