अम्मीच्या खोलीतला डिटेक्टर

मी पोहोचलो तेव्हा बंगल्यातले सगळे अलार्म एकदम बोंबलत होते आणि घरची माणसं फाटकापाशी उभी होती. सून तान्ह्या पोराला थोपटत होती, पण ते काही केल्या गप्प बसेना.

"म्हात्रे, आग कुठेच नाही! तुमचं वायरिंग गडबड आहे," इक्बालभाई ओरडले.

इक्बालभाई कुवेतची नोकरी सोडून कायमचे पनवेलला आले होते. आईसाठीच बंगला बांधला, असं येता-जाता सांगायचे. स्मोक डिटेक्टर त्यांनी तिकडूनच बॅगेत भरून आणले होते. वायरिंग माझं.

या डिटेक्टरना लाइटच्या दोन वायरींशिवाय तिसरी एक वायर लागते. ती सगळ्यांना एकमेकांशी जोडते. एकाला धूर लागला की घरभर सगळे वाजतात. खाली आग लागली तरी वर झोपलेला माणूस उठावा, एवढाच हेतू. मात्र धूर ज्याने पकडला, लाल दिवा त्याचाच भराभर लुकलुकतो. इक्बालभाईंना बरोबर घेऊन एकेक खोली बघत गेलो. दिवा लुकलुकत होता अम्मीच्या खोलीत. बटण दाबून आवाज थांबवला.

अम्मी म्हणजे हलिमाबी, इक्बालभाईंच्या आई. त्या एकट्याच आत राहिल्या होत्या, पलंगाच्या कडेला. समोर धूप जाळायची लोबानदाणी, निखाऱ्यांवर पाणी ओतलेलं.

"जुम्मेरात हाय ना. याच्या अब्बांच्या नावानं जाळते," त्या हळूच म्हणाल्या. "मला काय ठाऊक, सगळं घर वरडेल!"

काम सुरू करताना मी नेहमीचा प्रश्न विचारला होता, धूर कुठल्या खोलीत होतो? "फक्त किचनमध्ये," इक्बालभाई बेधडक म्हणाले होते. खोटं नव्हते बोलत. सुट्टीवर यायचे तेव्हा लग्नं, दावती, पाहुणे. आईची गुरुवारची संध्याकाळ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"हिच्या खोलीची वायर काढून टाका," आता ते म्हणाले.

"आणि इथेच आग लागली तर? तुम्हाला वर कळणार कसं?"

उपाय होता, हीट डिटेक्टर. तो धुराला दाद देत नाही, खोली तापली तरच वाजतो. पण त्याच कंपनीचा हवा, नाहीतर बाकीच्यांशी जुळत नाही. इथे मिळेना. कुवेतहून कुणी येईल त्याच्याबरोबर मागवायचा ठरला.

"तोवर लोबान बंद ठेव ना, अम्मी. पोरगं घाबरतं."

अम्मींनी मान डोलावली.

डिटेक्टर आला तेव्हा त्यांच्या पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. त्या उरणला मुलीकडे गेल्या होत्या. "तुम्ही लावा, म्हात्रे. येईल ती," इक्बालभाई म्हणाले.

मी तो बसवला. त्यांनी स्वतः निखारे आणून लोबान टाकला. धूर बाहेरच्या डिटेक्टरपर्यंत जाऊ नये म्हणून दार लावलं, खिडकी थोडी उघडली. खोली धुराने भरली. काहीच वाजलं नाही. त्यांनी लगेच फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अम्मी, ऐक! लोबान जाळलाय. कायपण वाजत नाय. ये आता."

"तू जाळलास? बरं झालं, बेटा. आता दर जुम्मेरातीला तूच जाळत जा." मग म्हणाल्या, "मी हितं बरी हाय. पडवीत बसते. धूर कोणाला लागत नाय."

इक्बालभाईंनी फोन खिशात टाकला आणि खिडकी सताड उघडली. मला फार वाईट वाटलं. स्टूल उचललं आणि बाहेर आलो.

हल्ली धुराचा प्रश्न मी मालकाला विचारत नाही, त्या त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला विचारतो. त्या बंगल्यात टेस्टिंगला अजून जातो. सिस्टिम एकदम ओके आहे. अम्मींच्या खोलीत आता पाहुणे उतरतात.