पदू भोईरचं पक्कं काम

कुंभिवलीला हायवेच्या कडेला पदू भोईरचं गॅरेज आहे. गॅरेज हा शब्द पदूच्या तोंडावर वापरायचा. पाठीमागं सगळे त्याला पत्र्याची शेडच म्हणतात. तिथं टेंपोच्या चेसी सांधल्या जातात, ट्रॉल्यांना हूक बसतात आणि कळंबच्या रिसॉर्टांना लागणारी सिंहाच्या तोंडांची भयंकर गेटं तयार होतात. दाराशी दोन पाइपांवर एक फ्लेक्स ताणलेला आहे. त्यावर काळा चष्मा लावलेला पदू फोनवर कुणाशी तरी अत्यंत महत्त्वाचं बोलतो आहे आणि समस्त परिसर त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो आहे. वाढदिवस कधीच होऊन गेला. परिसराच्या वतीनं फ्लेक्स पदूनंच छापून आणला होता.

पदूची एक पद्धत होती. काम झालं, की तो प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर वेल्डिंगचा टाका मारायचा, मग नारळ फोडायचा आणि जाहीर करायचा, "पदूचं काम एकदा बंद झालं का परत उघडत नाय." यात खोटं काहीच नव्हतं. एका टेंपोवाल्याला पुढं स्प्रिंगचा साधा पाटा बदलायचा होता, तर त्याला अर्धी चेसी कापून घ्यावी लागली. तो पदूला शिव्या घालत आला होता. पदूनं त्या शिव्या प्रशस्तिपत्रासारख्या ऐकून घेतल्या आणि समोरच्या टपरीवर आठवडाभर सगळ्यांना सांगितल्या.

अशा माणसाकडे उमाबाई चौबळ आपली गाडी टेंपोवर चढवून घेऊन आल्या, यावरून शिकलेल्या माणसांच्या पारखीबद्दल काय ते समजावं.

उमाबाई कर्जतच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे अर्धा तालुका त्यांना नुसतंच 'बाई' म्हणतो. त्यांचे वडील विष्णुपंत भिवपुरीच्या वीजगृहात इंजिनिअर होते. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ही हिरवी, उघड्या टपाची, दोनच माणसांची विलायती गाडी घेतली होती. उमाबाई क्वार्टर्समधल्या रस्त्यावर तिच्यावरच गाडी शिकल्या आणि पुढं जन्मभर त्यांनी तिला नवऱ्याचाही हात फारसा लागू दिला नाही. पण या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे जात्याचा खुंटा. वर्षभरापूर्वी बाईंचा खांदा आखडला आणि गाडी दारात उभी राहिली.

पुण्याचा मुलगा अनुपम आईच्या काळजीनं लगेच कामाला लागला. त्यानं गिऱ्हाईक शोधलं. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याला ती गाडी गेटाशी उभी करून, बॉनेटमध्ये झेंडूची रोपं लावून, पाहुण्यांच्या सेल्फीची सोय करायची होती. बाईंनी ते ऐकलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. बराच वाद झाला. शेवटी अनुपम म्हणाला, "ठीक आहे. मी येईन त्या रविवारी तू स्वतः चालवत मला कळंबपर्यंत ने. नेलंस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर गाडी जाईल." बाई तावातावानं हो म्हणाल्या.

"पदू, स्टिअरिंग हलकं होईल का रे?" त्यांनी विचारलं.

"बाई, तुमी बोटानं फिरवाल बोटानं," पदू म्हणाला. त्यानं आजवर असलं काम केलेलं नव्हतं, ही गोष्ट त्याला सांगण्याइतकी महत्त्वाची वाटली नाही.

त्यानं भंगारातून एका छोट्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग आणलं, मोटरसकट. त्यातला रॅक, म्हणजे दोन्ही चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारी दातेरी दांडी, मूळ गाडीत चाकांच्या मागच्या अंगाला बसायची. बाईंच्या गाडीत मागं इंजिनाचं पोट आडवं येत होतं. पदूनं रॅक उचलला आणि चाकांच्या पुढच्या अंगाला लावला. पुढं काय नि मागं काय, दांडी ती दांडी. रॅक धरून ठेवणारे ब्रॅकेट मात्र त्यानं फार सुंदर केले. इतके सुंदर, की बाईंनी त्यांच्यावरून हात फिरवून पाहिला.

शनिवारी सकाळी चाचणी झाली. पुढची चाकं जॅकवर उचललेली, बॉनेट उघडं. बाई आत बसल्या. उघड्या बॉनेटमुळे त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. पदू गाडीकडे तोंड करून समोर उभा राहिला.

"फिरवा डावीकडं!"

बाईंनी फिरवलं. चाकं पदूच्या डाव्या हाताला वळली.

"एक नंबर! आता उजवीकडं!"

चाकं पदूच्या उजव्या हाताला वळली. आपण गाडीकडे तोंड करून उभे आहोत, आपला डावा हात तो गाडीचा उजवा, हे पदूच्या ध्यानात आलं नाही. आणि समोरासमोरच्या दोन माणसांचे हात उलटे असतात हे उभ्या हयातीत आरशाचा धडा शिकवलेल्या बाईंच्याही ध्यानात आलं नाही. बोटानं स्टिअरिंग फिरतंय, या आनंदात दोघांची अक्कल सारखीच गहाण पडली होती. पदूनं बोल्टांवर टाके मारले. नारळ फुटला. टपरीवरच्यांनी खोबरं खाल्लं.

मग पहिली फेरी आपणच मारायची, या रिवाजानं पदू गाडीत बसला, ऐटीत दाराशी आला आणि रस्त्याला लागायला डावीकडे वळला. गाडी उजवीकडे गेली. त्यानं आणखी डावीकडे फिरवलं. गाडी आणखी उजवीकडे गेली आणि फ्लेक्सवरच्या पदूच्या पोटात शिरली. काळ्या चष्म्याचा पदू खऱ्या पदूच्या डोक्यावर पांघरुणासारखा पडला. टपरीवर जे हसू फुटलं, ते खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत गेलं असेल.

पदू फ्लेक्सखालून बाहेर आला. "विलायती गाडी हाय," तो म्हणाला. "तिची चाल येगळी."

टपरीवरचे आणखी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या वाकल्या, चाकं पाहिली, रॅक पाहिला आणि त्यांना सगळं समजलं: मागची दांडी पुढं आणली, की तिच्या त्याच ढकलण्यानं चाकं उलट्या बाजूला वळतात. पदूलाही समजलं होतं. दुरुस्ती एकच होती: ब्रॅकेट कापायचे, रॅक काढायचा आणि मुळातच पुढं बसणारा दुसरा रॅक शोधून आणायचा. म्हणजे पदूनं पदूचं काम उघडायचं, तेही टपरीसमोर. आणि उद्या तर अनुपम यायचा होता.

"सवयीचा सवाल हाय, बाई," पदू आवाज खाली आणून म्हणाला. "उलटं फिरवायचं, का सुलटं जातंय."

बाईंनी एकवार गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जमेल मला."

शेडच्या बाजूच्या अंगणात त्यांनी सराव सुरू केला. आणि कमाल म्हणजे, त्यांना जमू लागलं. उजवीकडे फिरवून डावीकडे, डावीकडे फिरवून उजवीकडे. खांदा दुखत नव्हता. वर्षभरानं गाडी हातात आली होती, बाईंचा चेहरा फुलला होता. पदूनं टपरीकडे विजयी नजर टाकली. त्याचं नाव वाचलं होतं, रॅक गेला खड्ड्यात.

तेवढ्यात एक कोंबडी आडवी आली. बाईंनी दचकून तिला चुकवायला चाक फिरवलं, जन्मभर फिरवत आल्या तसंच. गाडी सरळ कोंबडीवर गेली. ब्रेक लागला, कोंबडी शिव्या देत निघून गेली. बाईंनी इंजिन बंद केलं.

"माझीच चूक," त्या म्हणाल्या. "तुझं काम चांगलंच आहे. होईल सवय."

आता एखाद्याला आपल्या कामाची तारीफ गोड लागली असती. पदूला ती कडू लागली. समोर हायवेवरून कंटेनर धडाडत चालले होते, आणि तिथं कुणी आडवं आलं तर ते कोंबडी नसणार होतं. त्याला बाईंचा राग आला, अनुपमचा आला, टपरीचा आला. स्वतःचा सगळ्यांत शेवटी आला, पण तो मात्र टिकला. त्यानं ब्रॅकेट कापायला ग्राइंडर उचलला.

"पदू, थांब! उद्या तो येतोय. गाडी जाईल रे माझी!"

"जाऊ दे," पदू म्हणाला. "तुमी जायला नकोत."

ठिणग्या उडाल्या. टपरीवरचे चहा हातात घेऊन जवळ आले. इतका चांगला तमाशा फुकट कुठं मिळतो?

रविवारी अनुपम आला तेव्हा गाडी ठोकळ्यांवर होती आणि पुढं नुसती भोकं. "म्हणजे तयार नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि ती लपवायचं त्याला सुचलं नाही. बाईंनी मान खाली घातली.

"माजी चूक हाय," पदू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत असल्यानं ते वाक्य जरा मोठ्यानं आलं. पलीकडे पंक्चरवाल्यालाही ऐकू गेलं. "मी उलटं बसवलं. डावीकडं फिरवलं का उजवीकडं जायची. आनि तुमची आय तशी उलटी गाडी बी चालवत व्हती. मला इचारा, या समद्यांना इचारा. उलटी चालवनारीला सुलटीची परीक्षा कसली घेता? आठ दिस द्या मला. नाय झालं तर ही शेड रिसॉर्टच्या गेटावर नेऊन लावा, मला आत बसवून."

अनुपमनं आईकडे पाहिलं. "तू उलट्या स्टिअरिंगवर बसलीस? या वयात?"

"भीती वाटत होती रे," बाई म्हणाल्या. "पण गाडी जाण्याची जास्त वाटत होती."

अनुपमनं खिशातून फोन काढला. आईला गाडी किती हवी आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं रिसॉर्टवाल्याला फोन लावला आणि झेंडू दुसरीकडे लावायला सांगितलं.

टपरीनं पदूला आठ दिवस सोललं. डावा हात कुठला रं, पदूशेठ? चहा पितोस का कानात ओततोस? पदूनं भंगाराची दुकानं पालथी घातली. दुसरा रॅक बसवला, आणि या वेळी चाचणीला पदू गाडीच्या समोर उभा न राहता बाईंच्या शेजारी जाऊन बसला.

पुढच्या रविवारी बाई गाडी घेऊन निघाल्या. पदू शेजारी, अनुपम मागून त्याच्या गाडीत. दाराशी बाई थांबल्या, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि चाक डावीकडे फिरवलं. गाडी डावीकडे गेली. जगातल्या सगळ्या गाड्या रोज हेच करतात, पण पदूला भर हायवेवर रडू आलं.