सगळे डायल कमीवर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मीटररूमची चावी बाबांकडे असते. नवीन इलेक्ट्रॉनिक मेन ब्रेकर बसला, तेव्हा किती करंट किती वेळ सोसायचा हे ठरवणारे त्याचे सगळे डायल त्यांनी सर्वांत कमीवर आणून ठेवले. म्हणे, सेफ! मग काय, पंपाने जरा कुरकुर केली की पंपाचा छोटा ब्रेकर राहायचा बाजूला आणि मेनच उडायचा. लिफ्ट बंद, जिन्यातले दिवे बंद. मी विक्रोळीच्या कारखान्यात हेच ब्रेकर टेस्ट करते. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, मेनने क्षणभर थांबायचं असतं. छोट्याला आधी त्याचं काम करू द्यायचं. त्याला नाहीच जमलं, तर मेन आहेच ना."

मी डायल नीट लावून दिले. ते वाकून एकेक डायल बघत होते.

रोज मी कामावर पोचायच्या आधीच त्यांचा फोन येतो, "पोचलीस का?" चाळिशी आली माझी, तरी. दुसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. अकरा वाजले, तेव्हा न राहवून मीच लावला.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"थांबलो होतो गं," म्हणाले.