हातावर करून दाखवा

"पेन म्हणजे कसा दुखते? माह्या हातावर करून दाखवा," म्हणत सिस्टर बाही वर सारायच्या आणि उघडा हात पेशंटपुढे धरायच्या.

सालेकशाकडच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी. लॅपटॉपच्या पडद्यावर दूरचे एक डॉक्टर यायचे. त्यांना मराठी मुळीच येत नव्हती, हिंदी जेमतेम. माणसाला काय होतंय ते इंग्रजीत सांगायचं काम सिस्टरांचं. मी तिथला फार्मासिस्ट. कुणी त्यांच्या हाताला चिमटा काढी, कुणी तळवा घाशी, कुणी बोटानं टोची. मग त्या शब्द निवडायच्या. प्रिकिंग, बर्निंग, थ्रॉबिंग. ड्युटी संपेपर्यंत हात लाल झालेला असे. 'नॉट फीलिंग वेल'वर त्यांचा भारी राग. तुम्ही-आम्ही रजेच्या अर्जात हेच लिहितो. त्या म्हणायच्या, "हे तं बंद पाकीट आहे. अंदर काय आहे, ते सांगा ना."

मला हे सगळं नाटकी वाटायचं. बाबांना आणलं त्या दिवसापर्यंत.

बाबा धानाच्या बांधीतून थेट आले होते. "गॅस होऊन राहिला," एवढंच म्हणत होते. मी शहाणपणानं पडद्याकडे बघून सांगितलं, "ॲसिडिटी, सर." डॉक्टर गोळीचं नाव सांगू लागले.

"थांबा." सिस्टरांनी हात पुढे केला. "काका, कसा होते?"

"काऊन उगाच? गॅसच आहे," बाबा म्हणाले. पण त्यांनी सिस्टरांचं मनगट धरलं, आवळलं आणि सोडेनात. कपाळावर घाम. सिस्टरांचा चेहरा पिळवटला, तरी त्यांनी हात काढला नाही. "नॉट बर्निंग, सर. स्क्वीझिंग. विथ स्वेटिंग."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. ईसीजी, ॲम्ब्युलन्स, गोंदिया. बाबा वाचले. माझ्या एका शब्दानं ते गेले असते, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी सिस्टरांचा रजेचा अर्ज मोबाईलवर आला. एकच ओळ. 'नॉट फीलिंग वेल.' मी 'टेक केअर' लिहिलं, प्रिंट काढली, फाईलला लावली आणि औषधं वाटायला बसलो.

दुसऱ्या दिवशी फुलचूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. सिस्टर गेल्या होत्या. हार्ट अटॅक. मुलगी रडत विचारत होती, "दादा, आईनं तुमाले काही सांगितलं होतं का, काय होऊन राहिलं म्हणून?"

फाईल समोरच होती.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मीच विचारलं नाही."